३८४ सामने, ७ गोल: माकोतो हासेबेची बुंडेसलिगातली सोळा वर्षं

जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलिगात, ३८४ सामने आणि गोल अवघे ७. स्ट्रायकरचे आकडे असे असते तर पहिल्या मोसमातच त्याची बोळवण झाली असती. जपानचा माकोतो हासेबे मात्र जानेवारी २००८ पासून मे २०२४ पर्यंत जर्मनीत टिकला. वोल्फ्सबुर्गकडून १३५ सामने, न्युर्नबर्गकडून १४, आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडून २३५. आशियाई खेळाडूंमध्ये हा विक्रम आहे. त्याआधीचा कोरियाच्या चा बुम-कुनचा, ३०८ सामन्यांचा. तो २०२० मध्ये मोडला. चा बुम-कुन आघाडीवर खेळायचा आणि त्याच्या नावावर ९८ गोल होते, त्यामुळे तो का टिकला हे सांगत बसावं लागत नाही. हासेबेचं सांगावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: हासेबे दर चार-पाच वर्षांनी मैदानावरची आपली जागा सोडत गेला आणि प्रत्येक वेळी संघाला ज्या जागी माणूस हवा होता तिथे उभा राहिला. जर्मनीत आला मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू म्हणून, निवृत्त झाला तीन बचावपटूंच्या मधला माणूस म्हणून.

हासेबे शिझुओका प्रांतातल्या फुजिएदाचा, जन्म १८ जानेवारी १९८४. जपानमध्ये शिझुओका म्हणजे फुटबॉलचं माहेर, आणि तिथे शाळेच्या संघाला क्लबाइतकंच वजन असतं. फुजिएदा हिगाशी हायस्कूलमधून तो २००२ मध्ये उरावा रेड डायमंड्स या क्लबाकडे गेला. तिथला हासेबे जर्मनीत पाहिलेल्यांना ओळखू येणार नाही. मैदानाच्या मधून चेंडू पायाशी ठेवून पंचवीस-तीस मीटर धावत जाणारा, समोरच्याला चकवणारा खेळाडू होता तो. २००४ मध्ये जे-लीगच्या, म्हणजे जपानच्या अव्वल लीगच्या, सर्वोत्तम अकरात आला, २००६ ची लीग आणि २००७ ची आशियातल्या क्लबांची एएफसी चॅम्पियन्स लीग जिंकली. युरोपात निघाला तेव्हा वय चोविसाला टेकलं होतं आणि गाठीशी लीगचे जवळजवळ दीडशे सामने होते.

हे वय महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला युरोपातल्या अकादमीत पाठवलं की तो तिकडचा खेळाडू होईल, असं अनेक पालकांना वाटतं. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय नोंदणी मुळात बंद आहे. अपवाद मोजके: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, किंवा युरोपीय संघाच्या आतल्या आत १६ ते १८ वयात बदली असेल तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला यातला पहिलाच अपवाद कधीमधी लागू होतो. फी भरून सराव करता येतो, पण अधिकृत सामन्यात उतरायला नोंदणी लागते आणि ती फीच्या पावतीवर मिळत नाही.

आता जर्मनीच का? स्पेनमध्ये एका संघाला युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू ठेवता येतात आणि त्या जागा बहुधा ब्राझील-अर्जेंटिनाच्या आघाडीपटूंकडे जातात. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर स्पॅनिश नागरिकत्व मागता येतं, मग ती जागा मोकळी होते. जपानी किंवा भारतीय माणसाला ही सवलत नाही. इटलीत बाहेरून आणायच्या नव्या खेळाडूंवर दर मोसमाला मर्यादा. इंग्लंडमध्ये तर खेळाडूच्या देशाचं फिफा क्रमवारीतलं स्थान आडवं येतं. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला करार याच खडकावर आपटला, कारण तेव्हा पहिल्या सत्तर देशांतल्या खेळाडूंनाच वर्क परमिटचा मार्ग सरळ होता आणि भारत त्यात नव्हता. २०२१ पासून तिथे गुणांची पद्धत आली. क्रमवारीत वरच्या देशाकडून पुरेसे सामने खेळलेल्याला परवानगी आपोआप मिळते, बाकीच्यांना सहसा १५ गुण जमवावे लागतात. क्रमवारी घसरली की रस्ता पुन्हा चढाचाच.

जर्मन लीगनं २००६-०७ च्या मोसमापासून युरोपाबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादा काढून टाकली. त्याऐवजी क्लबाकडे किमान १२ जर्मन खेळाडू करारबद्ध असावेत आणि जर्मनीत घडलेले आठ असावेत, त्यातले चार स्वतःच्या क्लबात घडलेले, अशी अट घातली. म्हणजे परदेशी मिडफिल्डर घेताना क्लबाला एखादी दुर्मीळ जागा खर्च करावी लागत नाही. गोल न करणाऱ्या, मधल्या फळीत राबणाऱ्या जपानी खेळाडूंना हे दार उघडलं ते यामुळे. राहण्याच्या परवान्यासाठी जर्मन कायदा तीन गोष्टी पाहतो: वय १६ पूर्ण, पगार निवृत्तिवेतन विम्याच्या कमाल मर्यादेच्या निम्म्याहून कमी नाही, आणि खेळाडूच्या दर्जाबद्दल क्रीडा महासंघाचा दाखला. बुंडेसलिगाच्या पगारात दुसरी अट सहज बसते. खालच्या विभागांत मात्र याच अटीवर गाडी अडते.

कागदांचा क्रम सगळीकडे जवळपास सारखाच. दोन क्लबांचा करार, खेळाडूचा करार (फिफाच्या नियमाने जास्तीत जास्त पाच वर्षांचा), वैद्यकीय तपासणी, मग फिफाच्या ऑनलाइन प्रणालीत दोन्ही क्लबांनी स्वतंत्रपणे भरलेली माहिती. दोन्हीकडचे आकडे आणि तारखा जुळल्या की जुन्या देशाची संघटना नव्या देशाच्या संघटनेला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र पाठवते. त्याशिवाय नोंदणी नाही. शेवटच्या दिवशी व्यवहार फिसकटतो तो बहुतेकदा इथेच: हप्त्याची एक तारीख वेगळी पडली किंवा एक सही राहिली, की बदल्यांची मुदत, म्हणजे ‘खिडकी’, बंद होते आणि खेळाडू सहा महिने अधांतरी.

पैशाचं एक कलम आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून दुसऱ्या देशात गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. १२ ते १५ या चार मोसमांना प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ या आठ मोसमांना प्रत्येकी ०.५ टक्के. २० लाख युरोच्या व्यवहारात पहिल्या चार वर्षांचे प्रत्येकी ५,००० आणि पुढच्या आठ वर्षांचे प्रत्येकी १०,००० युरो, एकूण १ लाख. हासेबे २००२ ते २००७ असे सहा मोसम उरावात होता, म्हणजे त्यांचा वाटा ३ टक्के. पण २०१३ मध्ये वोल्फ्सबुर्गनं त्याला न्युर्नबर्गला विकलं तेव्हा उरावाला या नियमाखाली काही मिळण्यासारखं नव्हतं, कारण विकणारा आणि घेणारा दोघेही जर्मन होते. एकाच देशातल्या व्यवहारातही परदेशी प्रशिक्षक क्लबाला वाटा द्यायचा नियम जुलै २०२० मध्ये आला. छोट्या क्लबांनी खेळाडूची नोंद मोसमागणिक जपून ठेवावी ती यासाठी. नोंद नसेल तर हक्क सांगता येत नाही.

जानेवारीत जाण्याची एक अडचण असते. जे-लीग तेव्हा फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन डिसेंबरला संपायची. हासेबेचा शेवटचा उरावा मोसम तर डिसेंबर २००७ मधल्या क्लब विश्वचषकापर्यंत लांबला. म्हणजे दहा-अकरा महिने खेळून दमलेला खेळाडू हिवाळी सुट्टी घेऊन ताज्या झालेल्या संघात जाऊन पडतो. संघाची घडी बसलेली असते, सरावात स्वतःला दाखवायला जेमतेम दोन-तीन आठवडे, मैदान ओलं आणि जड. मांडीचा मागचा स्नायू आणि जांघ इथेच दगा देतात. जपाननं २०२६ पासून मोसम ऑगस्ट ते मे असा करायचं ठरवलं त्यामागे हेही एक कारण आहे.

वोल्फ्सबुर्गला प्रशिक्षक होते फेलिक्स मागाट, मेडिसिन बॉल घेऊन धावायला लावणारे म्हणून जर्मनीभर कुप्रसिद्ध. गाव फोक्सवॅगनच्या कारखान्याचं. जर्मनीतली मोठी जपानी वस्ती ड्युसेलडॉर्फला, म्हणजे इथून बरीच लांब. योशितो ओकुबो हा जपानी आघाडीपटू जानेवारी २००९ मध्ये इथेच आला आणि उन्हाळ्यात मायदेशी परतलासुद्धा. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण ओकुबोच्या पुढे दोन भिंती उभ्या होत्या: ग्राफिते आणि एदिन जेको. त्या मोसमात ग्राफितेनं २८ आणि जेकोनं २६ गोल केले. दोघांचे मिळून ५४, बुंडेसलिगातल्या जोडीचा विक्रम. वोल्फ्सबुर्ग आजवर एकदाच लीग जिंकलंय, ते याच मोसमात. बुंडेसलिगा जिंकणारा हासेबे दुसरा जपानी. पहिला यासुहिको ओकुदेरा, १९७७-७८ मध्ये कोल्नकडून.

मागाटची मधली फळी हिऱ्याच्या आकाराची. टोकाला झ्वेझ्दान मिसिमोविच, पायथ्याशी जोझुए, डावीकडे गेंटनर आणि उजवीकडे हासेबे किंवा साशा रिटर. या रचनेत खरे विंगर, म्हणजे कडेने धावणारे खेळाडू, नसतात, त्यामुळे बाजूच्या मिडफिल्डरचं काम दुप्पट होतं. चेंडू आपल्याकडे असताना आत यायचं, म्हणजे मागून फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) धावायला जागा मिळते. चेंडू गेला की तिरकं बाहेर पळून प्रतिस्पर्धी फुलबॅकला गाठायचं. ही तिरकी धाव दोन सेकंद उशिरा सुरू झाली की आपला फुलबॅक एकटा दोघांच्या तावडीत सापडतो. मिसिमोविचला बचावाची चिंता जवळजवळ नव्हती. त्याच्या वाटणीची धाव बाकीचे तिघे धावायचे. उरावातली पंचवीस मीटरची चाल हासेबेनं इथे बासनात बांधली. ती त्याच्या अंगात होती, पण संघात ती करायला दुसरे होते.

मैदानावरच्या हाका तेवढ्या आधी शिकाव्या लागतात. ‘हिंटरमान’ म्हणजे पाठीशी माणूस आहे, ‘त्सायट’ म्हणजे वेळ आहे, वळ, ‘राउस’ म्हणजे सगळी फळी पुढे. मधल्या फळीत पाठ करून चेंडू घेणाऱ्याला या तीन हाका कळल्या नाहीत तर पहिल्याच सामन्यात चेंडू हरवतो. विंगरचं भाषेवाचून बरेच महिने निभतं, मिडफिल्डरचं निभत नाही. हासेबेला पुढे फ्रँकफर्टमध्ये बचावफळी हलवायची होती, तीही जर्मनमधून.

१७ सप्टेंबर २०११ चा होफेनहाइमचा सामना बहुतेकांना आठवतो. गोलरक्षक मार्विन हित्सला लाल कार्ड मिळालं, तिन्ही बदल वापरून झालेले, आणि हातमोजे हासेबेनं चढवले. एक गोल खाल्ला, सामना १-३ गेला. लोक हा किस्सा मौज म्हणून सांगतात. मला त्यात पुढच्या बारा वर्षांची नांदी दिसते: जिथे भोक पडेल तिथे हा माणूस.

पण त्याचा तोटाही असतो. कुठेही खेळणाऱ्याला कुठलीच जागा हक्काची नसते. कधी उजवा मिडफिल्डर, कधी राइट बॅक (उजव्या कडेचा बचावपटू), कधी राखीव बाक. २०१२ च्या उन्हाळ्यात क्लब सोडण्याची बोलणी फसली आणि मागाटनी त्याला संघाबाहेर ठेवलं. ऑक्टोबरमध्ये मागाट गेल्यावरच तो पुन्हा मैदानावर दिसला. सप्टेंबर २०१३ मध्ये खिडकी बंद होता होता तो न्युर्नबर्गला गेला. तिथे त्याला मधोमध खेळायचं होतं आणि तशी जागा मिळालीही, पण हिवाळ्यात गुडघ्यातल्या मेनिस्कस या कूर्चेची शस्त्रक्रिया झाली आणि क्लब दुसऱ्या विभागात घसरला. १४ सामने. जर्मन करारांत एक ओळ नेहमी तपासावी: करार फक्त पहिल्या विभागासाठी आहे की दुसऱ्यासाठीही. पहिल्यापुरताच असेल तर क्लब घसरल्यावर खेळाडू मोकळा होतो. दोन्हींसाठी असेल तर पगार कमी होऊन तिथेच राहावं लागतं. मूळ पगाराशिवाय सामन्यागणिक आणि गुणागणिक बोनस असतो, त्यामुळे जखमी मिडफिल्डरचं उत्पन्न कागदावरच्या आकड्यापेक्षा बरंच खाली येतं.

२०१४ मध्ये तो हस्तांतर शुल्काशिवाय फ्रँकफर्टला आला. तेव्हा वय ३०. पहिली दोन वर्षं बचावात्मक मिडफिल्डर, अडलं की राइट बॅक. २०१६ मध्ये संघ सोळावा आला आणि टिकण्यासाठी दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळावे लागले. तो संघ नेमका न्युर्नबर्ग. १-१ आणि १-०, फ्रँकफर्ट वाचलं.

पुढच्या मोसमात प्रशिक्षक निको कोवाचनी त्याला तीन बचावपटूंच्या मधे उभं केलं, आणि इथे जरा थांबायला हवं. मधल्या फळीत धोका चारही बाजूंनी येतो. चेंडू पायाशी यायच्या आधी खांद्यावरून दोनदा मागे पाहावं लागतं. बचावाच्या मध्यभागी सगळा खेळ समोर असतो. ज्याला पंधरा वर्षं मान फिरवायची सवय, त्याला समोरचं चित्र वाचायला फावला वेळ मिळतो. धावही घटते. मिडफिल्डर सामन्याला साधारण ११-१२ किलोमीटर धावतो, मधला बचावपटू ९-१० च्या आसपास, आणि वेग घेऊन पुन्हा थांबण्याचे झटके त्याहूनही कमी. पस्तिशीत शरीर खातात ते हेच झटके.

चेंडू आपल्याकडे असताना हिशेब सरळ. बाजूचे दोघे स्टॉपर (बचावपटू) रुंद पसरतात, समोर प्रतिस्पर्ध्यांचे दोन स्ट्रायकर, म्हणजे तीनास दोन. स्ट्रायकर हासेबेवर आला की चेंडू बाजूला. दोघेही बाजूच्यांना चिकटून राहिले की हासेबे चेंडू घेऊन दहा-पंधरा मीटर पुढे चालत जातो, कुणीतरी त्याच्यावर येईपर्यंत, आणि जो मोकळा झाला त्याला पास. उरावातली ती जुनी चाल इथे पुन्हा कामी आली, फक्त संथ लयीत. प्रतिस्पर्ध्यानं तिघे पुढे पाठवले की फायदा संपतो. मग एक तर गोलरक्षकाला चौथा धरायचं, नाहीतर हासेबेनं मधल्या फळीत शिरून एकाला ओढून न्यायचं.

बचावात बारीक काम आहे. स्ट्रायकर चेंडू घ्यायला मागे आला की बाजूचा स्टॉपर त्याच्या पाठी जातो आणि हासेबे त्यानं सोडलेली जागा झाकतो. प्रश्न फळीच्या किती मागे उभं राहायचं हा. जुन्या पद्धतीचा लिबेरो, म्हणजे फळीमागचा मोकळा बचावपटू, सात-आठ मीटर मागे असायचा. आजच्या खेळात तसं केलं तर बाकी फळी पुढे गेलेली असताना हा एकटा मागे राहून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडपासून वाचवतो. म्हणून खूण पास देणाऱ्यात शोधायची. त्याच्यावर दबाव असेल, मान खाली असेल, तर फळीच्या रेषेत. तो मोकळा असेल आणि मान वर काढून पाहत असेल, तर पास सुटायच्या आधीच चार पावलं मागे. हासेबे वेगवान नव्हता, पण ही चार पावलं तो आधी टाकायचा.

ही सोय कुठे मोडते तेही सांगायला हवं. उंची १८० सेंटिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे थेट त्याच्यावर उंच चेंडू टाकणारा संघ त्रास द्यायचा. म्हणून हवेतली झुंज साथीदार बचावपटू दाविद आब्राहाम, पुढे हिंटरेगर आणि एन्दिका यांच्याकडे. दोन्ही बाजूंचे स्टॉपर एकाच वेळी पुढे गेले की मागे एकटा हासेबे आणि पन्नास मीटर मोकळं मैदान. तिथे वाचन संपतं आणि पायांचा प्रश्न सुरू होतो. मार्च २०१७ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध चेंडू अडवताना तो गोलखांबावर आदळला आणि मोसम गेला. वर्षभरानं १९ मे २०१८ ला बर्लिनमध्ये त्याच बायर्नला ३-१ हरवून फ्रँकफर्टनं जर्मन चषक घेतला. त्याच वर्षी एएफसीनं (आशियाई फुटबॉल महासंघानं) त्याला परदेशी खेळणारा सर्वोत्तम आशियाई खेळाडू निवडलं.

राष्ट्रीय संघाचा हिशेब वेगळा लागतो. ११४ सामने, २०१०, २०१४ आणि २०१८ या तीन विश्वचषकांत कर्णधार, २०११ चा आशिया चषक. पण राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखलेल्या प्रत्येक खिडकीत रविवारी लीगचा सामना, सोमवारी विमान, बारा तासांचा प्रवास आणि सात-आठ तासांचा कालभेद, मंगळवारी टोकियो, गुरुवारी सामना. पुढच्या मंगळवारी दुसरा सामना, तोही कधी पश्चिम आशियात. गुरुवारी फ्रँकफर्ट, शनिवारी साडेतीनला पुन्हा बुंडेसलिगा. पूर्वेकडे जाताना झोप बसायला तासामागे जवळपास एक दिवस लागतो असं धरतात, म्हणजे झोप बसायच्या आतच परतीचं विमान. जुलै २०१८ मध्ये बेल्जियमकडून २-३ हरल्यावर ३४ व्या वर्षी तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. त्यानंतर बुंडेसलिगात आणखी सहा मोसम खेळला. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं मला तरी वाटत नाही.

त्या वयात क्लब लांबचा करार देत नाही. २०१९, २०२०, २०२१, दर वसंतात एकेक वर्ष वाढत गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मात्र करार थेट २०२७ पर्यंतचा झाला: आधी खेळाडू, नंतर प्रशिक्षक मंडळात. १८ मे २०२२ ला सेव्हियात युरोपा लीगचा अंतिम सामना रेंजर्सशी. फ्रँकफर्टचा बचावपटू तुता घसरला, गोल झाला, तो जखमी होऊन बाहेर गेला आणि ५८ व्या मिनिटाला हासेबे आत आला, वय ३८. बरोबरी, जादा वेळ, पेनल्टीवर ५-४. रेंजर्सना त्याच्या असण्याच्या काळात दुसरा गोल मिळाला नाही.

मे २०२४ मध्ये त्यानं बूट ठेवले. त्यानंतर तो फ्रँकफर्टच्या २१ वर्षांखालील संघाच्या प्रशिक्षक मंडळात गेला, आणि २०२४ मध्येच जपानच्या संघाबरोबरही काम करू लागला. मैदानावरची मधली जागा २०२३ मध्ये आलेल्या रॉबिन कॉखकडे गेली. कॉख १९० सेंटिमीटरच्या वर, म्हणजे उंच चेंडूंचा प्रश्न मिटला. आणि फ्रायबुर्ग, लीड्स या आधीच्या क्लबांत तोही बचावात्मक मिडफिल्डर म्हणून खेळलेला आहे.